रंगवलेला गोटा आधी का फुटतो?

गोंदिया जिल्ह्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या तालुक्यांत धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल लागतं, त्या कडेला गोंड कुटुंबांच्या जुन्या दफनभूमी आढळतात. आज अनेक घरांत दहन होतं, पण पुरण्याची रीत जुनी आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही गोंडांमध्ये पुरणं हीच मूळ रीत असल्याचं नोंदलेलं आहे. अशा जागी दोन तऱ्हेचे दगड शेजारीशेजारी दिसतात. एक ओबडधोबड उभा गोटा, शेवाळाने काळा पडलेला, कुणी हात न लावलेला. दुसरा नातवंडांनी हौसेने सजवलेला. त्याच्या बुडाशी सिमेंटचा ओटा, अंगावर ऑइलपेंट, कधी भोवती चकचकीत टाइल. दहा-पंधरा वर्षांनी पाहावं तर पहिला होता तसाच उभा असतो आणि दुसऱ्याचे पोपडे सुटलेले असतात, कोपरे ढासळलेले असतात, अक्षरं असलीच तर रंगासकट गळून पडलेली असतात. ज्याची काळजी घेतली तोच आधी का जातो?

याचं उत्तर दगडाच्या आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडू पाहणाऱ्या पाण्यात आहे. ते एकदा लक्षात आलं की श्रमदानाला जाणाऱ्या तरुण मंडळींनी हातात काय घ्यावं आणि काय घरी ठेवावं, हे बरंचसं आपोआप ठरतं. या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या थडग्यांचं सर्वांत जास्त नुकसान ऊन-पाऊस करत नाहीत, चुकीची दुरुस्ती करते. म्हणून दुरुस्ती शक्य तितकी कमी आणि पुढच्या माणसाला उलटवता येईल अशी असावी.

दगड पाणी पितो

दगड घट्ट दिसला तरी त्यात बारीक छिद्रं आणि भेगा असतात. कोणत्या दगडात किती, हे बदलतं. जांभ्यात ती डोळ्यांना दिसतात, ग्रॅनाइटमध्ये फार कमी असतात. पण पूर्ण कोरा, बंद असा बांधकामाचा दगड नसतो. जमिनीत रोवलेला दगड या छिद्रांतून ओल वर ओढतो. दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच नियमाने हे घडतं, त्याला केशाकर्षण म्हणतात. गोंदियात वर्षाला सर्वसाधारणपणे बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, गावोगाव तलाव-बोड्या आहेत, बांध्यांत महिनोन्‌महिने पाणी साचलेलं असतं. त्यामुळे जमिनीतली ओल दगडाच्या बुडाशी वर्षातला बराच काळ असते. मग उन्हाळा येतो, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि ही सगळी ओल दगडाच्या पृष्ठभागातून वाफ होऊन निघून जाते.

पाणी जातं, पण पाण्यात विरघळलेले क्षार जात नाहीत. इथे मातीचा माठ डोळ्यांसमोर आणावा. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं, आणि काही महिन्यांनी माठाच्या बाहेरच्या अंगाला पांढरी पूड धरलेली दिसते. ते त्या पाण्यातले क्षार. घराच्या भिंतीला लोणा लागतो, तीही हीच गोष्ट. जोवर क्षार बाहेरच्या पृष्ठभागावर जमतात तोवर फारसं बिघडत नाही. पावसाने धुऊन जातात, झटकले तरी पडतात. आता त्याच माठाला बाहेरून ऑइलपेंटचे दोन हात दिले तर काय होईल? पाण्याला बाहेर पडायची वाट राहत नाही, ते रंगाच्या मागे अडतं. क्षारही मग पृष्ठभागाच्या किंचित आत, छिद्रांमध्येच स्फटिकरूप घेऊ लागतात. स्फटिक वाढताना छिद्राच्या भिंतींना रेटतो. पावसाळ्यात तो विरघळतो, उन्हाळ्यात पुन्हा वाढतो, असं दरवर्षी चालतं. शेवटी दगडाचा वरचा पापुद्रा सुटतो आणि रंगासकट खाली येतो. लोक म्हणतात, रंग खराब निघाला. खरं तर रंग चांगला निघाला, म्हणूनच दगड गेला. स्वस्त, पातळ चुन्याची सफेदी मारली असती तर तिच्यातून ओल निघून गेली असती.

टाइलचं गणित याहून वाईट आहे. रंगाला निदान भेगा पडतात. टाइल आणि तिच्या मागचं सिमेंट बुडाच्या चारही बाजू बंद करतात, मग ओलीला वर, दगडाच्या उघड्या भागाकडेच जावं लागतं. ओट्याच्या वर वीतभर उंचीवर दगड सर्वांत आधी कुजताना दिसतो, त्याचं कारण हेच.

सिमेंटचा घट्टपणा हीच त्याची खोट

पोर्टलँड सिमेंट वाईट पदार्थ आहे असं कुणी म्हणणार नाही. धरणं, पूल त्याच्यावर उभे आहेत. पण जुन्या, मऊ, पाझरणाऱ्या दगडाशेजारी ते चुकीचं पडतं. एक तर सिमेंटमध्येच विरघळणारे क्षार असतात, ते ओलीबरोबर दगडात उतरतात. दुसरं, ते पाणी जाऊ देत नाही. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दोन वस्तू एकमेकींना चिकटलेल्या असल्या आणि त्यांच्यावर ताण आला, तर त्यातली कमकुवत वस्तू तुटते. उन्हाने दगड फुगतो, थंडीत आकसतो, जमीन सरकते. सांधा सिमेंटचा असेल तर सांधा तुटत नाही, दगड तुटतो. सांधा चुन्याचा असेल तर आधी चुना भेगाळतो, झिजतो, आणि दर वीस-तीस वर्षांनी तो पुन्हा भरता येतो. झिजण्याचं काम चुन्याने करावं अशीच ती योजना होती. जुन्या गवंड्यांना रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण सांधा दगडापेक्षा मऊ हवा हे त्यांना ठाऊक होतं.

लोखंडाचंही असंच. तुटलेले दोन तुकडे जोडायला आत सळईचा तुकडा घालतात. लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि दगड आतून फोडतो. खीळ घालणं अटळच असेल तर ती स्टेनलेस स्टीलची असावी, आणि तेही जाणत्या माणसाच्या हातून. नाहीतर दोन तुकडे एकमेकांशेजारी सावलीत, जमिनीपासून किंचित वर ठेवून देणं अधिक शहाणपणाचं. पडलेला दगड फुटलेल्या दगडापेक्षा बरा.

दगडफूल आणि तारेचा ब्रश

जुन्या दगडांवर करडे, पिवळट, हिरवट ठिपके असतात. मसाल्यातलं दगडफूल ज्या वर्गातलं, त्याच वर्गातले हे जीव. बुरशी आणि शैवाल यांचं हे एकत्र कुटुंब. बुरशीचे सूक्ष्म धागे दगडाच्या कणांमध्ये थोडे आत शिरलेले असतात. कोरड्या दगडावर तारेचा ब्रश चालवला की ठिपका निघतो, आणि त्याच्याबरोबर त्याने धरलेले दगडाचे कणही निघतात. उथळ कोरलेली अक्षरं असतील तर एका दुपारच्या उत्साहात ती पुसली जातात. म्हणून दगड आधी साध्या पाण्याने पुरता भिजवावा, ठिपके फुगून मऊ होऊ द्यावेत, मग नारळाच्या काथ्याने किंवा नायलॉनच्या मऊ ब्रशने खालून वर हलके घासावं, चिकटून राहिलेलं लाकडाच्या चपट्या काडीने उचलावं. जे एवढ्याने निघत नाही ते राहू द्यावं. ठिपक्यांमुळे दगड म्हातारा दिसतो, पण तो म्हाताराच आहे.

श्रमदानात सर्रास वापरल्या जाणाऱ्या तीन वस्तू मात्र थडग्यापासून दूरच ठेवाव्यात: संडास धुण्याचं ॲसिड, ब्लीचिंग पावडर आणि कपड्यांचा सोडा. ॲसिड संगमरवर अक्षरशः विरघळवतं, कारण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ग्रॅनाइटसारख्या दगडावर ते दगडातलं लोह सुटं करून नारिंगी डाग पाडतं, आणि ते डाग जात नाहीत. ब्लीच आणि सोडा डाग काढतात, पण मागे क्षार सोडतात, म्हणजे आपण आपल्या हाताने लोणा लावतो. अमेरिकेतल्या लष्करी दफनभूमींत हजारो संगमरवरी शिळा असतात. तिथे निरनिराळी द्रावणं तपासून पाहिल्यावर ब्लीचऐवजी क्षार न सोडणारं सौम्य जैवनाशक वापरण्याकडे कल गेला. आपल्याकडच्या एखाद्या कुळाच्या पंचवीस-तीस दगडांना तेवढंही लागत नाही. पाणी, काथ्या आणि चिकाटी पुरते.

दगड कुठला, हे आधी

महाराष्ट्रातलं दगडाविषयीचं बहुतेक लेखन काळ्या बेसॉल्टवरचं आहे, कारण राज्याचा बहुतांश भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने झाकलेला आहे. गोंदिया त्या चादरीच्या बाहेर पडतं. इथला पाया त्याहून कितीतरी जुना. आमगावच्या नावानेच ओळखला जाणारा 'आमगाव नीस' हा खडकसमूह दोनशे कोटी वर्षांहून जुना मानला जातो. नीस, ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट यांचे गोटे पाणी कमी पितात, सौम्य आम्लाला दाद देत नाहीत, म्हणून न कोरलेला गावरान गोटा टिकतो. याउलट अलीकडे नावांच्या पाट्यांसाठी राजस्थानातून येणारा पांढरा संगमरवर पावसाच्या पाण्यातल्या सौम्य आम्लानेही हळूहळू झिजतो. नाव टिकावं म्हणून आणलेली पाटी गोट्यापेक्षा आधी कोरी होते, हा विरोधाभास दगडाची जात न पाहिल्याचा परिणाम. खात्री करायची तर आधीच गळून पडलेल्या कणावर लिंबाचा थेंब टाकावा. फेस आला तर संगमरवर किंवा चुनखडक. मूळ दगडावर हा प्रयोग करू नये.

माती कोणती हेही पाहावं. इथले शेतकरी कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी असे मातीचे प्रकार नावानिशी ओळखतात. काळी कन्हार ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तीत रोवलेला दगड कलणारच. त्याला सरळ करायचं तर काँक्रीटचा ठोकळा उपयोगी नाही, कारण मग ठोकळ्यासकट दगड कलतो. खड्ड्यात वाळू-खडी भरून, उंचीचा साधारण तिसरा हिस्सा जमिनीत जाईल असा तो बसवावा, म्हणजे पाणी निचरतं.

【 चौकट: घमेलं उचलण्याआधी 】
कुळातल्या जाणत्यांना आणि भूमकाला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, विचारावं. त्यांचा होकार नसेल तर परत यावं. जागा संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय हात लावू नये. दगडाला नंबर द्यायचा तो कागदावरच्या नकाशात, खडूने किंवा रंगाने दगडावर नाही. पुसट अक्षरं वाचायला पीठ, खडू, हळद चोळू नये. संध्याकाळी टॉर्च दगडाच्या एका बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून धरला की सावल्यांमुळे अक्षरं उठून दिसतात, तेव्हा फोटो घ्यावा. पिंपळाचं रोप सांध्यातून उपटू नये, बुडाशी कापावं. उपटलं तर मुळांबरोबर दगडही येतो.

अक्षरं नसलेला दगड काय सांगतो

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गोंडांच्या बहुतेक जुन्या गोट्यांवर काहीच लिहिलेलं नसतं. नाव नाही, साल नाही, मग जपायचं काय? शिवाय मध्य प्रांताच्या काळापासून कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेतच. जात पडताळणीसाठी त्यांच्या नकला आजही काढल्या जातात. कागद असताना गोट्याचं कौतुक कशाला?

कोतवाल बुक मृत्यूची नोंद देतं. कोण कोणाशेजारी, कोणत्या दिशेला, कोणाच्या पायाशी झोपलं आहे हे ते सांगत नाही. ते दगडांची मांडणी सांगते. विदर्भाला हे नवीन नाही. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळं ही लोहयुगातल्या माणसांची दफनस्थळं. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे उत्खनन केलं. त्या दगडांवरही एक अक्षर नाही. काही शिळांवर फक्त लहान वाटीएवढे खळगे आहेत. पण त्या शिळा वर्तुळात नेमक्या कुठे बसवल्या आहेत, खळगे कोणत्या दिशांना येतात, यावर अभ्यास होऊ शकले, कारण दगड आपापल्या जागी होते. उत्साही मंडळींनी ते 'नीट ओळीत' लावले असते तर संशोधकांच्या हाती नुसता दगडांचा ढीग उरला असता.

म्हणून तारेच्या ब्रशपेक्षाही मोठा धोका मला ओळीचा वाटतो. श्रमदानाच्या शेवटी फोटो छान यावा म्हणून विखुरलेले गोटे उचलून रांगेत उभे केले जातात. वरवर पाहता एकही दगड फुटलेला नसतो. पण नवरा-बायको, बाप-लेक, बाळंतपणात गेलेली सून, लहान मूल, यांच्यातली नाती ज्या अंतरांत आणि दिशांत साठवलेली होती ती पुसली गेलेली असतात. फुटलेला दगड जोडता येतो, हललेला दगड पुन्हा जागेवर नेता येत नाही, कारण ती जागाच कुणाला आठवत नसते. १९६४ सालच्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या जीर्णोद्धाराबाबत जगभरच्या तज्ज्ञांना एक मर्यादा घालून दिली: जिथून अंदाज सुरू होतो तिथे काम थांबवावं. ती ओळीच्या मोहालाही लागू पडते.

'हे काही संग्रहालय नाही'

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. पूर्वजांना रंगवायचं नाही, शेंदूर लावायचा नाही, मग नातं कसलं? गोंदिया जिल्ह्यातच याचं ठळक उदाहरण आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगितलं जातं. तलाव बांधणारा हा माणूस पुढे कोलासुर म्हणून देव झाला आणि तलावाभोवतीच्या टेकड्यांपैकी एकीवर त्याचं ठाणं आहे. माणसाचं स्मारक आणि देवाचं ठाणं यांच्यात आपल्याकडे पक्की भिंत नाही. स्मृतिशिळा जिवंत परंपरेत असते, तिला काचेच्या पेटीचे नियम लावणं अन्याय आहे. आक्षेपाचा एवढा भाग मान्यच करायला हवा. त्याहून पुढे जाऊन, काही समाजांत शिळा उभारण्याच्या विधीला महत्त्व असतं, तिच्या टिकण्याला नाही. बस्तरच्या माडियांच्या स्मृतिशिळांचं वर्णन डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्या १९३८ च्या ग्रंथात येतं. अशा शिळा कलल्या, पडल्या तरी त्या तशाच राहू द्याव्यात असं कुळाचं म्हणणं असेल, तर बाहेरच्या स्वयंसेवकांनी तिथे हात जोडून थांबावं.

पण श्रद्धा आणि ऑइलपेंट यांची लग्नगाठ नाही. पाणी, हळदीचं बोट, फूल, उदबत्ती यांनी दगडाचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते ओल कोंडणाऱ्या थरांनी. तेलात कालवलेल्या शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढत गेले की मूळ आकारच गुडूप होतो. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर २०२२ साली विधिपूर्वक आणि जाणकारांच्या देखरेखीखाली काढले गेले, तेव्हा भाविकांना देवीचं मूळ रूप दिसलं आणि त्याचं त्यांनी स्वागतच केलं. देवीच्या बाबतीत जे चाललं ते आजोबांच्या गोट्याच्या बाबतीत का चालू नये? रंगवण्याची हौस असेलच तर जुन्या दगडाला न टेकता शेजारी नवा दगड उभारावा, त्यावर नाव कोरावं, त्याला हवा तो रंग द्यावा.

चुना कुठून आणायचा?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: सिमेंट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, चुन्याचा गवंडी मिळत नाही. अडचण खरी आहे, पण थडग्याच्या सांध्यांना लागणारा चुना किती? एका लहान ओट्याला काही घमेली. विरवलेला चुना पाण्याखाली मुरवून ठेवायचा, एका भागाला साधारण तीन भाग चाळलेली वाळू मिसळायची, ओलीच्या जागी त्यात विटांची सुरकी घालायची. चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू दगड होतो, म्हणून त्याला काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावं लागतं. मे महिन्याच्या उन्हात हे काम केलं तर तो वाळून भुगा होतो. त्यासाठी कार्तिक ते माघ हाच काळ योग्य.

आणि सगळं स्वतः करायची गरजही नाही. चंद्रपुरात इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी मार्च २०१७ पासून गोंडकालीन किल्ल्याचा सुमारे अकरा किलोमीटरचा परकोट झाडोरा आणि कचऱ्यातून मोकळा केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये या कामाचा उल्लेख झाला. त्याच चंद्रपुरात राणी हिराईने बांधलेली गोंड राजा बीरशहाची समाधी आहे, म्हणजे गोंड राजघराण्याची दफनभूमीच. अशा कामाची विभागणी ध्यानात घेण्याजोगी आहे. मनुष्यबळाचं काम म्हणजे झाडोरा, कचरा, पाण्याचा निचरा आणि राबता, हे स्वयंसेवक उत्तम करतात. चिरा आणि सांधा यांना हात लावण्याचं काम ज्यांना ते येतं त्यांनी करावं. गावच्या दफनभूमीतही हीच वाटणी ठेवली तर बरंचसं काम घमेल्याशिवायच उरकतं, असं म्हणायला हरकत नाही.

तेव्हा यंदा धान घरात आलं, मळणी आटोपली, आणि कुळातली मंडळी पूर्वजांच्या जागेकडे वळली, तर पहिल्या दिवशी ब्रश, रंग, सिमेंट काहीही नेऊ नका. एक वही, मोजपट्टी आणि मोबाईल न्या, आणि घरातल्या सर्वांत वयस्क आजीला बरोबर न्या. कोणता गोटा कोणाचा हे ती सांगेल तसं लिहून घ्या, प्रत्येक गोट्याचा चारही बाजूंनी फोटो काढा, नकाशा आखा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. बाकीचं काम पुढच्या वर्षीही करता येईल, आजीला विचारायचं काम मात्र यंदाच करा.